पिट म्हणजे नेमकं कुठे? गोव्यात नाटकाला नव्याने जाणाऱ्यांसाठी

आमच्या मंडळाचा संगीत नाटकाचा प्रयोग असला की तिकिटांच्या टेबलावर बसायचं काम बहुधा माझ्याच गळ्यात पडतं. दोनेक वर्षांपूर्वी, पुण्याहून बदली होऊन आलेले एक गृहस्थ टेबलापाशी आले आणि म्हणाले, ‘‘अगदी पहिली रांग द्या.’’ मी म्हटलं, ‘‘डावीकडची आहे, पिटाला लागून. चालेल ना?’’ ते म्हणाले, ‘‘न चालायला काय झालं?’’ मध्यंतरात चहाच्या टपरीवर भेटले तेव्हा मान चोळत होते. ‘‘अहो, मघापासून ऑर्गनवाल्याचं डोकं बघतोय. अधूनमधून नायिकाही दिसते. पिट म्हणजे काय ते आधी सांगायचंत तरी!’’

चूक माझीच होती. आपल्या रोजच्या तोंडातला शब्द समोरच्याला कळलाच असेल, असं आपण धरून चालतो. गोव्यात नोकरीधंद्यासाठी नव्याने आलेले, नाटकाची आवड असलेले पण इथल्या नाट्यगृहांची आणि जत्रांची सवय नसलेले बरेच मराठी लोक आता भेटतात. त्यांच्यासाठी हे लिहितोय. थिएटरात पूर्वीपासून जाणाऱ्यांनी इतिहासाचा भाग वाचला तरी पुरे.

आधी शब्द समजून घ्या

‘पिट’ हा शब्द तुम्हाला तीन ठिकाणी ऐकू येईल आणि तिन्ही ठिकाणी त्याचा अर्थ वेगळा असेल. गोंधळ होतो तो त्यामुळेच.

नाट्यगृहात रंगमंचाची कड आणि प्रेक्षकांची पहिली रांग यांच्यामध्ये जो पट्टा असतो, तो पिट. बऱ्याच ठिकाणी तो जमिनीपेक्षा थोडा खोल असतो, काही ठिकाणी नुसताच कठडा घालून वेगळा केलेला असतो. तिथे वादक बसतात. माझ्या ‘पिटाला लागून’चा अर्थ हा होता.

दुसरा अर्थ जुन्या नाटकवाल्यांच्या तोंडी असतो. ‘पिटातला प्रेक्षक’ म्हणजे सगळ्यात स्वस्त तिकिटावर बसणारा, आवडलं तर शिट्टी मारणारा, नाही आवडलं तर तेही मोकळेपणाने कळवणारा. एखाद्या नटाबद्दल ‘तो पिटासाठी खेळतो’ असं म्हटलं, तर ती स्तुती नसते. विनोद जरा ओढूनताणून केला, वाक्य टाळीसाठी थांबवलं, असा त्याचा अर्थ.

तिसरा अर्थ एकपडदा सिनेमागृहांच्या काळातला. बाल्कनी, ड्रेस सर्कल, स्टॉल अशी उतरंड असे. तिच्या तळाशी, पडद्याच्या अगदी पुढ्यात, मान वर करून सिनेमा बघायच्या ज्या रांगा असत, त्यांना काही ठिकाणी पिट म्हणत. मल्टिप्लेक्स आल्यापासून हा अर्थ विरत चालला आहे. पडद्यापासून सगळ्यात लांबची खुर्ची महाग, एवढं मात्र तिथेही आहे.

एक खुलासा करून टाकतो, कारण हा प्रश्न मला खरंच विचारला गेला आहे. या पिटाचा आपल्या ‘पीठ’ शब्दाशी काही संबंध नाही. नाट्यशास्त्रात प्रेक्षकांच्या बैठकीला ‘सोपानाकृति पीठक’ म्हटलं आहे. म्हणजे विटा आणि लाकूड वापरून केलेली, पायऱ्यांसारखी चढत जाणारी आसनं. उच्चार जवळचा, आणि दोन्ही शब्द प्रेक्षकांच्याच जागेचे. पण आपलं पीठ उंचावर आणि त्यांचं पिट खड्ड्यात!

हा खड्डा आला कुठून

इंग्रजीत पिट म्हणजे खड्डा. कोंबड्यांच्या झुंजी लावायच्या रिंगणालाही तिथे हाच शब्द. लंडनमधल्या ड्रूरी लेन भागात 1616 मध्ये अशाच एका झुंजीच्या जागेचं नाट्यगृह केलं गेलं, आणि त्याचं नावही ‘कॉकपिट’च राहिलं. पुढे नाट्यगृहाच्या तळमजल्याला, रंगमंचासमोरच्या भागाला पिट म्हणायची पद्धत रुळली. तिथे पाठ नसलेली बाकडी असत. सुरुवातीला त्यांवर ऐटबाज तरुण मंडळीही बसत, हे विशेष. पिट म्हणजे गरिबांची जागा, हे समीकरण नंतरचं आहे.

एकोणिसाव्या शतकात थिएटरमालकांच्या लक्षात आलं की, पुढची जागा स्वस्तात देणं हा तोट्याचा धंदा आहे. मग पुढे गादीच्या खुर्च्या आल्या. त्यांना स्टॉल म्हणू लागले, आणि पिटाची बाकडी मागे मागे ढकलली जाऊन बाल्कनीखालच्या अंधारात गेली. 1880 मध्ये लंडनच्या हेमार्केट थिएटरने तर पिट साफ काढून टाकलं. त्या रात्री प्रेक्षकांनी ‘आमचं पिट कुठे आहे?’ म्हणत असा गोंधळ घातला की नाटक सुरू करणं मुश्कील झालं. त्याच 1880 साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी संगीत नाटक रंगभूमीवर आणलं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण तिकडे पिटातला प्रेक्षक हाकलला जात होता, आणि इकडे ज्या संगीत नाटकाला पुढे पिटातूनच ‘वन्स मोअर’ मिळणार होते ते जन्माला येत होतं, ही गंमत मला सोडवत नाही.

मग वादक त्या खड्ड्यात कसे आले? युरोपात ऑपेराच्या वादकांचा ताफा मोठा होत गेला. तो प्रेक्षकांच्या पातळीवर बसला की रंगमंच झाकला जाई. म्हणून त्यांना खाली उतरवलं. 1876 मध्ये जर्मनीतल्या बायरॉइटला वाग्नर या ऑपेराच्या संगीतकाराने आपलं नाट्यगृह उघडलं. तिथे तर वादकांची जागा रंगमंचाच्या खाली शिरवून प्रेक्षकांच्या नजरेआडच केली. स्वर ऐकू येतो, वाजवणारा दिसत नाही. आपल्याकडे हे कधीच पटलं नसतं. ऑर्गनवाला दिसला नाही तर आमच्या गावच्या प्रेक्षकाला संगीत नाटक बघितल्यासारखं वाटत नाही.

पायरी पहिली : प्रयोग कुठल्या जातीचा आहे ते बघा

जागा निवडायच्या आधी पिटात कोण बसणार, हे कळलं पाहिजे. ते प्रयोगावर ठरतं.

गद्य नाटक असेल तर पिटात कोणीच नसतं. पार्श्वसंगीत मागून, ध्वनियंत्रणेवर वाजतं. काही नाट्यगृहांत पिटावर फळ्या टाकून रंगमंच पुढे वाढवतात, काही ठिकाणी त्याच जागेत जादा खुर्च्या लावतात. अशा जादा रांगेचं तिकीट मिळत असेल तर विचार करूनच घ्या. रंगमंचाची उंची आणि तुमच्या डोळ्यांची उंची यांत फार फरक पडतो आणि नटांचे पाय दिसतच नाहीत. गद्य नाटकात पाय महत्त्वाचे नाहीत असं वाटत असेल, तर एखादा चांगला नट खुर्चीवरून उठायच्या आधी पाय कसे घेतो ते एकदा बघा.

संगीत नाटकात ऑर्गन आणि तबला. ते पिटात तरी बसतात, नाहीतर विंगेत, म्हणजे रंगमंचाच्या बाजूच्या आडोशाला. पिटात असतील तर बहुधा एका कोपऱ्यात, नटाला दिसतील अशा बेताने. कारण पद घेताना नट आणि ऑर्गनवाला यांची नजरानजर लागते. ताना लांबल्या, ‘वन्स मोअर’ आला, एखादी ओळ पुन्हा घ्यायची झाली, तर हे सगळं नजरेवर चालतं. ती नजरानजर दिसेल अशा जागी बसलात तर नाटकाबरोबर आणखी एक छोटं नाटक फुकट बघायला मिळतं. त्यासाठी ऑर्गन ज्या बाजूला आहे तिच्या विरुद्ध बाजूला, चार-पाच रांगा मागे बसायचं. आमच्या पुणेकर पाहुण्यांची बाजूही चुकली आणि रांगही.

तियात्र, म्हणजे गोव्यातलं गाण्यांचं कोकणी नाटक, ही तिसरी जात. गोव्यात आला आहात तर कोकणी कळो न कळो, एक तियात्र बघाच. प्रवेश आणि प्रवेश यांच्यामध्ये पडदा पडतो आणि त्या पडद्यापुढे गाणी होतात. त्यांना कांतारां म्हणतात. साथीला जिवंत बॅण्ड असतो. ट्रम्पेट, सॅक्सोफोन, ड्रम, कीबोर्ड असा थाट, आणि तो बसतो रंगमंचासमोर, पिटात. तिथे पहिली रांग म्हणजे ट्रम्पेटच्या तोंडासमोर. तरुण असाल तर मजा आहे. लहान मूल किंवा वयस्क माणूस बरोबर असेल तर निदान आठ-दहा रांगा मागे जा.

पायरी दुसरी : नकाशा वाचायला शिका

ऑनलाइन तिकीट काढताना खुर्च्यांचा नकाशा येतो. त्यात रंगमंच कुठल्या बाजूला दाखवला आहे ते आधी शोधा. कधी तो वर असतो, कधी खाली. घाईत उलटा वाचून मागची रांग पुढची समजून घेतलेले लोक मी पाहिले आहेत. सर्वसाधारणपणे ‘ए’ रांग रंगमंचाला सगळ्यात जवळची. तिच्याही पुढे ‘एए’ अशी दुहेरी अक्षराची रांग दिसली तर ती बहुधा जादा खुर्च्यांची, म्हणजे पिटाच्या जागेतली. नकाशात पिट दाखवतीलच असं नाही. रंगमंच आणि पहिली रांग यांच्यात पांढरी पट्टी सोडली असेल तर तिथे काय आहे ते विचारा.

डाव्या-उजव्याची भानगड वेगळी. नाटकवाले ‘उजवी विंग’ म्हणतात ती प्रेक्षकांकडे तोंड करून उभ्या असलेल्या नटाची उजवी. तुमची ती डावी. मंडळाचा माणूस फोनवर ‘ऑर्गन उजवीकडे आहे’ म्हणाला तर ‘तुमच्या की आमच्या?’ हे विचारायला लाजू नका. आम्हीही एकमेकांना विचारतो.

पायरी तिसरी : खिडकीवर काय विचारायचं

‘चांगली सीट द्या’ म्हणू नका. ज्याच्या हातात राहिलेल्या तिकिटांची चळत आहे, त्याला सगळ्याच सीटा चांगल्या वाटतात. त्यापेक्षा सरळ प्रश्न विचारा : वादक पिटात आहेत की विंगेत? कुठल्या बाजूला? पहिल्या रांगेपुढे जादा खुर्च्या लागणार आहेत का? वर बाल्कनी असेल तर कुठल्या रांगेपासूनच्या खुर्च्या तिच्या खाली येतात?

हा शेवटचा प्रश्न कोणी विचारत नाही, पण तो फार कामाचा आहे. बाल्कनी पुढे आलेली असते आणि तिच्या खालच्या मागच्या रांगांत आवाज दबून येतो. छताकडून परत येणारा आवाज तिथे पोचतच नाही. शब्द कळतात, पण गाण्याचा गोडवा जातो. त्याऐवजी बाल्कनीतल्या पहिल्या दोन रांगा कितीतरी बऱ्या. नृत्य, मोठा समूह, नेपथ्याची रचना हे सगळं वरून छान उलगडतं. नटांचे चेहरे मात्र लांब पडतात.

मला स्वतःला विचाराल तर चौथी ते आठवी रांग, मध्यापासून जरा बाजूला. अगदी मध्यभागी बसलं की दोन्हीकडून ये-जा करणाऱ्यांसाठी गुडघे आवळत बसावं लागतं. गुडघे दुखणाऱ्यांनी वाटेच्या कडेची खुर्ची मागावी. अंधारात पायऱ्या उतरायला लागू नयेत म्हणून दार कुठे आहे तेही विचारावं.

फार कडेला बसलात तर समोरची विंग उघडी पडते. प्रवेशाची वाट बघत उभा राहिलेला राजा कपाळावरचा घाम पुसताना दिसतो. काहींना याने रसभंग होतो. मला आवडतं.

गोव्यातली नाट्यगृहं

पणजीत कांपाल भागात मांडवीच्या काठावर कला अकादमी आहे. वास्तूची रचना वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांची, आणि मुख्य प्रेक्षागृहाला मंगेशीच्या मास्टर दीनानाथ मंगेशकरांचं नाव दिलं आहे. या प्रेक्षागृहाच्या भिंतींवर जुन्या थिएटरातले सज्जे आणि त्यांत बसलेले प्रेक्षक रंगवले गेले, ते व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांच्या रेषेतून. जुन्या थिएटरात असे सज्जे, ज्यांना इंग्रजीत बॉक्स आणि पोर्तुगीजमध्ये ‘कामारोत’ म्हणतात, ते बड्यांसाठी राखीव असत. पोर्तुगीजमध्ये तळमजल्याच्या प्रेक्षकांना ‘प्लातेया’ म्हणतात. म्हणजे आपण प्लातेयात बसायचं आणि चित्रातले बडे लोक बाजूच्या भिंतीवरून नाटक बघणार. फुकटात!

मराठी नाटकांसाठी फोंड्याचं राजीव गांधी कला मंदिर, मडगावचं रवींद्र भवन, साखळीचं रवींद्र भवन या जागाही लक्षात ठेवा. कला अकादमीच्या मराठी नाट्यस्पर्धा हा नवख्या माणसासाठी चांगला रस्ता आहे. गावोगावची मंडळं जीव तोडून तयारी करून येतात. स्पर्धेला परीक्षकांसाठी मधल्या काही रांगा राखून ठेवतात. त्यांच्या अगदी मागे बसू नका. निकालाचा अंदाज त्यांच्या मानेच्या हालचालींवरून काढण्यात नाटक निघून जातं.

पायरी चौथी : जत्रेचं नाटक

इथपर्यंतचं सगळं नाट्यगृहाचं झालं. गोव्याची नाटकाची खरी सवय देवळाच्या मांडवात लागते, आणि तिथे नकाशाही नाही, तिकीटही नाही. जत्रेच्या किंवा काल्याच्या रात्री देवळासमोर रंगमंच उभा राहतो आणि बहुतेक वेळा गावचीच माणसं नाटक करतात. बँकेतला कारकून संभाजी होतो, दुकानदार औरंगजेब. संगीत नाटक असेल तर ऑर्गन-तबला रंगमंचाच्या पुढ्यात एका बाजूला, जमिनीवर किंवा छोट्या चौथऱ्यावर. खड्डा नसला तरी आम्ही त्यालाही पिटच म्हणतो.

आता जागा कशी धरायची. संध्याकाळी लवकर कोणीतरी जाऊन चटई अंथरून येतं. मग घरी जाऊन जेवण, आवराआवर. चटई म्हणजे आरक्षण, आणि ते सगळा गाव मानतो. दुसऱ्याची चटई सरकवू नका, तिच्यावर पाय देऊन पलीकडे जाऊ नका. तुम्ही नवीन असाल तर शेजाऱ्यांना सांगा, ‘‘आमची पण एक चटई घाला हो.’’ हक्काने घालतील. न विचारता एकटे गेलात तर मागच्या बाजूला खुर्च्या असतात, तिथे बसा. चटयांचे लोक पुढे, खुर्च्या मागे, उभे राहणारे कडेला. ही उतरंड पैशावर नाही, येण्याच्या वेळेवर ठरते. पुढे जमिनीवर पोरं आणि म्हाताऱ्या बायका. म्हणजे जुन्या भाषेत पिटातले प्रेक्षक. पण इथे त्यांना कोणी कमी लेखत नाही. नटाला विंगेतून सगळ्यात आधी दिसतात ते हेच चेहरे. पोरं झोपली की आपलं नाटक पडलं, हे गावचा दिग्दर्शक ओळखून असतो.

वेळेबद्दल फसू नका. पत्रिकेवर ‘रात्रौ दहा’ असलं तरी आधी पालखी, मग आरती, कुठे पावणी म्हणजे देवापुढच्या वस्तूंचा लिलाव. पडदा वर जायला मध्यरात्र उलटते. घाईने जेवण न करता येऊ नका. खाजं आणि चणे यांवर रात्र निघत नाही.

दादही इथे मोकळी असते. पद रंगलं की मागून ‘वन्स मोअर’ येतो आणि नट खरंच पुन्हा गातो. आवडलं असेल तर तुम्हीही द्या. पण पद संपल्यावर, मध्येच नाही, आणि ऑर्गनवाल्याने शेवटचा स्वर सोडल्यावर. नाट्यगृहात मात्र आधी आजूबाजूचा अंदाज घ्या. पहिल्या रांगेत असाल तर पिटाच्या कठड्यावर पाय टेकू नका आणि पाण्याची बाटलीही ठेवू नका. खाली ध्वनिक्षेपकाच्या वायरी असतात. बाटली कलंडली तर नाटक थांबेल, आणि सगळं प्रेक्षागृह वळून तुमच्याकडे बघेल.

जत्रेला जाताना दोन वस्तू विसरू नका. एक शाल, कारण मार्गशीर्ष-पौषात पहाटे तीननंतर मांडवाच्या कडेला दंव पडायला लागतं. आणि चटईच्या कोपऱ्याला बांधायला एखादा रंगीत दोरा. पहाटे पडदा पडल्यावर मिणमिणत्या दिव्यांत सगळ्या चटया सारख्याच दिसतात, आणि गेल्या वर्षी आमची चटई कोण घेऊन गेलं ते अजून कळलेलं नाही.